नोकरी सांभाळून

"त्यांनी नोकरी सांभाळून शिक्षण पूर्ण केलं." सेवानिवृत्तीच्या निरोप समारंभात, साठीच्या सत्कारात, पेपरातल्या श्रद्धांजलीत हे वाक्य इतक्या वेळा कानावरून गेलेलं असतं की त्यात कुणी काय आणि कसं सांभाळलं हे विचारायचं राहूनच जातं. आमच्या ऑफिसात दर वर्षी अप्रेझलची पत्रं हातात पडली की दोन-चार जण एम.टेक.ची किंवा पार्टटाईम एमबीएची माहितीपत्रकं घेऊन फिरायला लागतात. दिवाळीपर्यंत त्यातला एखादाच उरतो. बाकीच्यांना विचारलं तर उत्तर ठरलेलं, "अरे, वेळच नाही मिळत."

हे उत्तर आपण बहाणा म्हणून हसण्यावारी नेतो. मला मात्र जितकं वाचत गेलो तितकं ते उत्तर अगदी शब्दशः खरं वाटायला लागलं. मोठ्या माणसांच्या शिक्षणाचा इतिहास म्हणजे बहुतेक करून वेळापत्रकाचा इतिहास आहे. बुद्धी, जिद्द, हौस हे सगळं आधीही होतं आणि आताही आहे. प्रश्न एवढाच की दिवसातले ते दोन-तीन तास कोण देणार, मालक, कॉलेज की घरचे? आज त्याबद्दलच थोडं.

सुरुवात पुण्यातूनच करू. १८५५ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली, तीही स्वतःच्या घरात. मुलींची शाळा आपल्याला पाठ असते, ही रात्रशाळा जरा मागे पडते. पण कल्पना किती सरळ आहे बघा. माणूस दिवसा शेतावर किंवा कामावर असणार, तर शाळा रात्री. विद्यार्थ्याने आपलं आयुष्य बदलून शाळेकडे यावं अशी अपेक्षा न ठेवता शाळेने आपली वेळ बदलली. पुढच्या दीडशे वर्षांत ज्या-ज्या संस्थांना मोठ्या माणसांना शिकवणं जमलं, त्यांनी थोड्याफार फरकाने हेच केलं.

अर्थात रात्रीची शाळा काढायची तर रात्र शिल्लक असावी लागते. मुंबईच्या गिरण्यांत दिवा लावून काम सुरू झालं आणि कामगाराची संध्याकाळही गेली. नारायण मेघाजी लोखंड्यांच्या चळवळीमुळे १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. (आपण ज्या वीकांताला झोपून काढतो, त्यातला निदान अर्धा या माणसाच्या खात्यावर आहे.) दिवसाच्या तासांवर मर्यादा यायला मात्र आणखी वाट बघावी लागली. कापड गिरण्यांतल्या पुरुषांसाठी १९११ च्या कायद्याने बारा तास ठरवले. १९२२ मध्ये कारखान्यांसाठी दिवसाला अकरा आणि आठवड्याला साठ तास झाले, आणि १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांत दहा आणि चोपन्न. बारा तास साच्यावर उभं राहून आलेल्या माणसाने रात्री पाटी हातात घ्यावी, आणि नाही घेतली तर त्याला शिक्षणाची आवड नाही म्हणावं, हे ज्याने कधी बारा तास उभं राहून काम केलेलं नाही तोच म्हणू शकतो.

आता जरा लंडनला जाऊ, कारण आपल्या विद्यापीठाचा साचा तिथून आला. १८२३ मध्ये लंडनमध्ये कारागिरांसाठी 'मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट' निघाली. तिची सभा भरली होती एका खानावळवजा दारूच्या गुत्त्यात, क्राऊन अँड अँकर नावाच्या. पुढाकार घेणाऱ्यांत जॉर्ज बर्कबेक नावाचे डॉक्टर होते, म्हणून तिचं पुढे बर्कबेक कॉलेज झालं. व्याख्यानं संध्याकाळी, कारण श्रोते दिवसा हातोडा चालवणारे. १८३० पासून स्त्रियांनाही प्रवेश. हे कॉलेज आजही संध्याकाळच्या वर्गांसाठीच ओळखलं जातं. मग १८५८ मध्ये लंडन विद्यापीठाने आणखी एक मोठं दार उघडलं. कुठल्याही ठराविक कॉलेजात न बसता, परीक्षेची फी भरून पदवीच्या परीक्षेला बसायची मुभा दिली. म्हणजे दिवसा कुठेतरी कारकुनी करा, रात्री घरी वाचा, परीक्षेला या.

आणि गंमत बघा, मुंबई विद्यापीठ स्थापन झालं १८५७ मध्ये, लंडनच्याच नमुन्यावर! म्हणजे लंडनने दार उघडलं त्याच्या जेमतेम एक वर्ष आधीचा नमुना आपल्याकडे आला. स्वतः न शिकवता फक्त परीक्षा घेणारं विद्यापीठ आपण उचललं, पण 'टर्म भरणं' हा प्रकार राहिला. संलग्न कॉलेजात टर्म भरल्याशिवाय परीक्षेला बसता येईना. आमच्या धंद्यात म्हणतात तसं, कोड कॉपी केला पण जुन्या व्हर्जनचा. पुढे 'बाहेरून बी.ए.' करायची सोय आली आणि कित्येक मास्तरांनी, कारकुनांनी तिचा फायदा घेतला. तोवर मात्र ज्याला दिवसा पोटासाठी कुठेतरी हजेरी लावायची आहे, त्याला पदवीचा रस्ता जवळजवळ बंद होता. हजेरी दोन ठिकाणी लागत नाही.

मग करायचं काय? एक मार्ग होता, नोकरीच सोडायची. या मार्गाचं आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, पण त्याकडे 'नोकरी करणाऱ्या माणसाचं शिक्षण' म्हणून फारसं कुणी बघत नाही. ते म्हणजे डॉ. आंबेडकर.

बाबासाहेब १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले, १९१६ मध्ये तिथून लंडनला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातलं, बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्येही घातलं. १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपली आणि अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पूर्ण करण्याची परवानगी तेवढी हातात होती. आल्यावर बडोद्याची नोकरी. तिथे राहायला जागा मिळेना, पारशी धर्मशाळेतून हाकलून दिलं, ही हकीगत आपण वाचलेली असते. मग मुंबई. १९१८ च्या नोव्हेंबरात सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून लागले, पगार महिना साडेचारशे रुपये. त्या काळात भरपूर! कुणीही म्हणालं असतं, आता बस झालं, स्थिरस्थावर व्हा. घरी रमाबाई, मुलं, मोठा गोतावळा.

त्यांनी काय केलं, तर पगारातून पैसे बाजूला टाकायला सुरुवात केली. १९२० च्या मार्चमध्ये नोकरी सोडली. साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजारांचं कर्ज एवढ्यावर त्या जुलैमध्ये पुन्हा लंडन गाठलं. वय २९. (आमच्या टीममध्ये या वयाला लोक 'आता अभ्यास होत नाही रे' म्हणायला लागतात.) १९२१ मध्ये एम.एस्सी., मग बॅरिस्टरी, आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. रुपयाच्या प्रश्नावरचा तो प्रबंध परीक्षकांनी एकदा दुरुस्तीसाठी परतही केला होता.

या गोष्टीत आपण जिद्दीचा भाग नेहमी सांगतो, आणि तो खराच आहे. पण हिशेबाचा भाग बघा. ती तीन वर्षं फुकट मिळाली नाहीत. त्यांची किंमत पगार बंद होणं, कर्ज आणि मुंबईत रमाबाईंनी काढलेले ओढाताणीचे दिवस अशा तीन ठिकाणी भरली गेली. लंडनला अर्धपोटी राहून वाचणाऱ्या माणसाबद्दल लिहिलं जातं. परळच्या चाळीत तीच तीन वर्षं रेटणाऱ्या बाईबद्दल त्या मानाने फार कमी लिहिलं जातं. एक माणूस शिकायला परत जातो तेव्हा बहुतेक वेळा दुसरं कुणीतरी त्याची पाळी करत असतं.

आता पुढचा भाग, जो मला या सगळ्या इतिहासातला सगळ्यात थरारक वाटतो. १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या खात्याने आणलेल्या दुरुस्तीमुळे १९४६ च्या कारखाना कायद्याने कामाचा आठवडा चोपन्न तासांवरून अठ्ठेचाळीस तासांवर आला. दिवसाला नऊ. आणि त्याच वर्षी, २० जून १९४६ रोजी, मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं. आदल्या वर्षी त्यांनी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं हे पहिलं कॉलेज. आणि वर्ग सकाळी! नोकरी करणाऱ्या पोरांना वर्ग आटोपून ऑफिस गाठता यावं म्हणून.

एकाच वर्षात, एकाच माणसाच्या हातून, कामाचे तास कमी होतात आणि कॉलेज कामाच्या आधीच्या वेळेत येतं. या दोन्ही गोष्टी त्यांनी एकमेकींना जोडून आखल्या होत्या असं मी म्हणत नाही. कायदा कारखान्यातल्या कामगारासाठी होता आणि कॉलेजात येणारी मुलं बहुधा कारकून, टायपिस्ट वगैरे असणार. पण ज्याला स्वतःला शिकण्यासाठी नोकरी सोडावी लागली, त्याने काढलेल्या कॉलेजात ती सोडावी लागत नव्हती, हे मात्र डोळ्यांसमोर आहे.

सकाळच्या कॉलेजची करामत काय, हे मुंबईत राहिलेल्याला वेगळं सांगायला नको. फोर्टात कॉलेज, फोर्टातच ऑफिस. पहिली लोकल पकडून यायचं, लेक्चरं करायची, तिथूनच चालत कामावर. संध्याकाळ बॉसच्या लहरीवर असते, थांबवलं तर थांबावं लागतं, पण सकाळी सातला कुठला साहेब फाईल मागायला येत नाही. दमलेलं डोकं घेऊन वर्गात बसायचं की ताजं डोकं घेऊन, हाही फरक आहेच. शिकवणाराही काही दुय्यम दर्जाचा नव्हता. पुढे रेल्वेमंत्री आणि अर्थमंत्री झालेले मधू दंडवते या कॉलेजात वर्षानुवर्षं फिजिक्स शिकवत होते. आज मुंबईतली कित्येक कॉलेजं सकाळी भरतात आणि आपल्याला त्यात विशेष काही वाटत नाही. पण कुणीतरी ते पहिल्यांदा मुद्दाम ठरवून केलं होतं.

बायकांचं काय? त्यांच्याकडे बॉस घरातच असतो आणि शिफ्ट संपतच नाही, त्यामुळे सकाळचं कॉलेजही त्यांच्या कामाचं नाही. सकाळी डबे कोण करणार? पार्वतीबाई आठवल्यांची गोष्ट यासाठी वाचण्यासारखी आहे. जन्म १८७०, विशीत वैधव्य, पदरी मूल. त्या महर्षी कर्व्यांच्या मेहुणी. अक्षरओळखीपुढचं शिक्षण त्यांनी विधवा झाल्यावर घेतलं, मग कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमाचं काम अंगावर घेतलं, वर्गणीसाठी गावोगाव हिंडल्या. काम करता करता इंग्रजी येत नाही ही अडचण जाणवायला लागली. १९१८ मध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी, त्या इंग्रजी शिकायला थेट अमेरिकेला गेल्या! तिथे पोटासाठी लोकांच्या घरी घरकाम केलं. 'माझी कहाणी' या आत्मकथेत हे सगळं आहे, १९२८ मध्ये आलेली. ऑनसाईटला गेल्यावर भांडी घासावी लागतात म्हणून कुरकुरणाऱ्या आपल्यासारख्यांनी जरूर वाचावी :) पण यातली मेख अशी की त्यांना आश्रम नावाचं एक घर मिळालं होतं, जिथे बाईने शिकणं हे घरकामाच्या आड येणारं काम समजलं जात नव्हतं. ते नसतं तर?

त्याचं उत्तर एका ब्रिटिश नाटकात आहे. 'एज्युकेटिंग रिटा', विली रसेलचं, १९८० सालचं. १९८३ मध्ये सिनेमाही आला. केस कापायचं काम करणारी सव्वीस वर्षांची मुलगी साहित्य शिकायला ओपन युनिव्हर्सिटीत नाव घालते आणि तिचा नवरा तिची पुस्तकं जाळून टाकतो. फी भरलेली आहे, प्रवेश मिळाला आहे, मास्तर चांगला आहे. अडलंय ते घरात.

ही ओपन युनिव्हर्सिटी म्हणजे या इतिहासातली पुढची मोठी उडी. हॅरॉल्ड विल्सन पंतप्रधान असताना त्यांच्या मंत्री जेनी ली यांनी ती तडीस नेली. १९६९ मध्ये सनद, जानेवारी १९७१ मध्ये सुमारे २४ हजार विद्यार्थ्यांची पहिली तुकडी, आणि प्रवेशासाठी आधीच्या मार्कशीटची अटच नाही. बीबीसीवर भल्या पहाटे आणि मध्यरात्री तिचे पाठ लागायचे, ते २००६ पर्यंत. पहिल्या तुकडीत सगळ्यात मोठा गट कुणाचा होता माहितीये? शाळामास्तरांचा! पदवी नसलेले, पदवीमुळे पगार वाढणार असलेले. म्हणजे 'लोक परत का शिकतात' याचं एक रोखठोक उत्तर तेव्हाही पगाराच्या स्लिपवरच होतं. पण फक्त ते नव्हे. बढतीसाठी आलेला माणूस दुसऱ्या वर्षी भलताच विषय घेऊन रमतो असंही होतं. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ बँकेतल्या बढतीसाठी बी.कॉम. करायला बसले आणि निवृत्तीनंतर इतिहासात एम.ए. करून थांबले.

आपल्याकडे १९६२ मध्ये दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केला, १९८२ मध्ये हैदराबादला पहिलं मुक्त विद्यापीठ, १९८५ मध्ये इग्नू, आणि १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू आणि 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीदवाक्य. बारावी न झालेल्यांसाठी त्यांनी 'पूर्वतयारी' नावाचा अभ्यासक्रम ठेवला, तो मला फार शहाणपणाचा वाटतो. कारण चाळिशीच्या माणसाला गणितापेक्षा जास्त भीती वाटते ती काउंटरवर बारावीचं सर्टिफिकेट मागतील याची. ही लाज कुठल्याच फॉर्ममध्ये दिसत नाही, पण ती माणसं गेटवरून परत पाठवते.

आमच्या धंद्याकडे वळतो, नाहीतर म्हणाल इंजिनिअरच्या ब्लॉगवर इंजिनिअरिंग कुठे आहे. आमच्या आधीच्या पिढीत एएमआयई नावाचा एक प्रकार होता. डिप्लोमा करून कारखान्यात लागायचं आणि इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स या १९२० सालच्या संस्थेच्या परीक्षा देत राहायचं, आधी सेक्शन ए, मग सेक्शन बी. दोन्ही झाल्या की सरकारी नोकरीसाठी पदवीच्या बरोबरीचे. कॉलेज नाही, वर्ग नाही, फक्त पुस्तकं आणि परीक्षा. १८५८ चं लंडन मॉडेल बघा, तेच. आमच्या कॉलनीत एक काका होते, दर सहा महिन्यांनी त्यांच्या घरात रेडिओ बंद असायचा. पास होणारे थोडे, वर्षं लागायची बरीच. ही मान्यताही संपली. ३१ मे २०१३ नंतर नाव नोंदवणाऱ्यांना ती बरोबरी राहिली नाही.

याच्या उलट टोकाला बिट्स पिलानी. १९७९ पासून त्यांनी नोकरीतल्या माणसांसाठी कार्यक्रम चालवले, आणि नव्वदच्या दशकात विप्रोबरोबर बी.एस्सी. झालेल्या पोरांना नोकरीत घेऊन एम.एस. करवायची योजना काढली. इथे अभ्यास नोकरीच्या रचनेतच बसवलेला. टीममध्ये असे लोक असतील तर तुम्हीही पाहिलं असेल, त्यांची परीक्षा आली की मॅनेजर कुरकुरतो, पण सोडतो. कारण ती परीक्षा कंपनीच्या कॅलेंडरवर असते. स्वतःच्या हिंमतीवर बाहेर एम.टेक. करणाऱ्याची परीक्षा मात्र नेमकी रिलीजच्या आठवड्यात येते, आणि मग काय होतं ते सांगायला नको.

आता सगळं ऑनलाईन आहे. केव्हाही शिका, कुठूनही शिका, बरंचसं फुकट. मग प्रश्न सुटला का? हार्वर्ड आणि एमआयटीने एडएक्सवरच्या आपल्या पहिल्या वर्षाचे, म्हणजे २०१२-१३ चे, आकडे जाहीर केले होते. नोंदणी ८,४१,६८७ आणि प्रमाणपत्रं ४३,१९६. साधारण पाच टक्के. कुणी म्हणेल, लोक फक्त डोकावायला आले होते, शेवटपर्यंत जायचं नव्हतंच. काही अंशी खरं आहे ते. पण मला वाटतं, 'केव्हाही' या शब्दातच घोळ आहे. केव्हाही करायचं काम घरातलं कुणीही पुढे ढकलू शकतं, आपण स्वतः तर सगळ्यात आधी. "सातला माझं कॉलेज असतं" हे वाक्य साहेबाला, आईला, बायकोला किंवा नवऱ्याला सांगता येतं. "माझे व्हिडिओ बघायचे राहिलेत" हे सांगून पाहा, लगेच हातात भाजीची पिशवी येते.

जुलै २०२१ पासून आपल्याकडे क्रेडिट बँकेची योजना आली आहे. एखाद्या वर्षाचे क्रेडिट मिळवले आणि शिक्षण सुटलं, तर ते खात्यावर राहतात, सात वर्षांपर्यंत, आणि परत येऊन पुढे जोडता येतात. एप्रिल २०२२ मध्ये यूजीसीने एका वेळी दोन अभ्यासक्रम करायलाही परवानगी दिली. १९१७ मध्ये लंडनहून अर्ध्यावर परतलेल्या विद्यार्थ्याला चार वर्षांची मुदत मिळाली होती, त्या मानाने सात वर्षं म्हणजे सढळच. तरी परवा आमच्याकडच्या एकीने चौकशीसाठी फोन केला तेव्हा तिने फी विचारली नाही, क्रेडिटही विचारले नाहीत. तिचा प्रश्न होता, "शनिवारचे वर्ग किती वाजता सुटतात? पाळणाघर दोनला बंद होतं."